परसातला नर कोंबडा माद्यांपासून वेगळा ठेवायचा आहे – कधी, कसा, किती दिवस?

शेवंती

नमस्कार मंडळी. आमच्या परसात सहा माद्या आणि एक नर आहे. रात्री सगळे एकाच खुराड्यात, दिवसा जाळीच्या आवारात मोकळे. नर अजून वर्षाचाही झालेला नाही, पण अंगाने चांगला दांडगा आहे. गेल्या काही दिवसांत दोन माद्यांच्या पाठी उघड्या पडल्यात. एकीच्या पंखाखाली, बरगडीच्या बाजूला, बोटभर चीर आहे. ही बिचारी दिवसभर बसायच्या दांडीवरच असते. नर आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेला की खाली उतरते, घाईघाईने दोन-चार दाणे टिपते आणि परत वर.

नराला वेगळं काढायचं डोक्यात आहे. पण काढायचं म्हणजे नेमकं कसं? तो एकटा राहील का? माद्या अंडी द्यायच्या थांबतील का? आणि पुढे पिल्लं हवी असतील तर परत एकत्र सोडता येतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दहिवर

शेवंतीताई, नराला बाहेर काढायच्या आधी एक काम करा. पिसं अंगावर नेमकी कुठून गेलीत ते नीट बघा. पिसं गेली की दोष नरावर येतो, पण पिसं जायला चार-पाच कारणं असतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी.

पाठीचा मधला भाग, शेपटीच्या थोडं वर, आणि डोक्याची मागची बाजू असेल तर तो नरच. मादीवर चढताना तो चोचीने तिची मानेमागची पिसं धरतो आणि दोन्ही पायांनी पाठीवर तोल सांभाळतो, म्हणून त्याच दोन जागा जातात. गुदद्वाराभोवती आणि पोटाखाली उघडं असेल तर उवा किंवा बारीक कीड बघा. गळ्याची पुढची बाजू झिजली असेल तर खाद्याच्या भांड्याची कड घासते आहे. छातीची पिसं गेली असतील आणि कोंबडी घरट्यातून उठत नसेल तर ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली आहे. आणि सगळ्या अंगावरून पिसं गळून खाली नवे कोंब दिसत असतील तर ती वर्षाची पीसझड, तिला कुणीच जबाबदार नाही.

रात्री अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बघा. तेव्हा कोंबड्या शांत असतात, हातात येतात. पिसाच्या बुडाशी पांढरट गुठळी चिकटलेली दिसली तर ती उवांची अंडी. दांडीच्या खालच्या बाजूला आणि फळ्यांच्या फटींत बोट फिरवा. बोटाला लाल डाग लागला तर रक्त पिणारी कीड फटीत बसली आहे. ती दिवसा लपते आणि रात्री कोंबड्यांवर चढते. मग नर वेगळा काढून काहीही साध्य होणार नाही.

शेवंती

दहिवर, खूप आभार. काल रात्री बघितलं. पिसांची बुडं स्वच्छ आहेत, फटीतही काही नाही. दोघींच्याही पाठीचा मधला भाग आणि डोक्यामागचा पट्टा गेलाय. पाठीवर पिसांच्या तुटलेल्या काड्या तेवढ्या उरल्यात, हाताला खरखरीत लागतात. बाकीच्या चौघी ठीक आहेत.

पाऊलवाट

म्हणजे नरच. आणि चौघी ठीक, दोघी बेजार, यातही नवल नाही. नराच्या आवडत्या माद्या ठरलेल्या असतात. कधी सर्वात शांत, लगेच खाली बसणारी. कधी जिची पाठ रुंद असते ती. मादी खाली दबून पंख जरा पसरते ना, तो होकार असतो. जी असा होकार पटकन देते तिच्यावरच तो पुन्हा पुन्हा जातो.

तुमच्याकडे एका नरामागे सहा माद्या आहेत. ढोबळ हिशेब असा की एका नरामागे आठ ते बारा माद्या असाव्यात. जड अंगाच्या जातीत आठ चालतात, हलक्या चपळ जातीत बारा किंवा जास्तही. सहा म्हणजे भार वाटला जात नाही. त्यात तुमचा नर वर्षाच्या आतला आहे. चार-पाच महिन्यांचा झाला की नराच्या अंगात माज येतो आणि पहिले काही महिने त्याला कशाचाच धरबंध नसतो. ना पंख खाली सोडून मादीभोवती फेर धरणं, ना दाण्यासाठी बोलावणं, नुसता पाठलाग. वय वाढलं की पुष्कळसे नर निवळतात.

पण सगळ्यात आधी ती चीर. पंखाखाली, बरगडीवर जखम आहे म्हणजे नराच्या पायामागच्या काट्याने किंवा नखाने फाडलं आहे. ही कोंबडी आजच वेगळी काढा, नराआधी. उघडी लाल जखम दिसली की बाकीच्या माद्यासुद्धा तिथेच टोचत राहतात, आणि एकदा रक्ताची चटक लागली की ते थांबवणं फार अवघड जातं. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा, पातळ केलेलं पोविडोन आयोडीन लावा, आणि दिवसातून दोनदा पंख उचलून आत बघा. माशी बसून अळ्या पडल्या तर जखम वरून बरी दिसते आणि आतून पोखरलेली असते. चीर खोल असेल, स्नायू दिसत असेल, तर पशुवैद्याला दाखवा, टाके लागू शकतात.

भुईमूग

मला एक कळत नाही. अंडी खाण्यासाठीच कोंबड्या असतील तर नर ठेवायचाच कशाला? नराशिवाय मादी तेवढीच अंडी देते. अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात. नर असो वा नसो, अंड्यांचा वेग ठरतो तो उजेड, खाद्य, वय आणि जात यांवर. फरक एवढाच की त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. आमच्याकडे नर दिला तेव्हापासून माद्यांच्या पाठी भरल्या, आवारात शांतता आहे, शेजारच्यांची कुरकुरही थांबली. वेगळा पिंजरा, वेगळं पाणी, वेगळं खाद्य, एवढा खटाटोप एका पक्ष्यासाठी कशाला? चांगल्या मोठ्या कळपात देऊन टाका, तिथे त्यालाही माद्या मिळतील.

कडेकपारी

भुईमूग, तुमच्या आवारावर छत असेल तर तुमचं बरोबर आहे. मोकळ्या आवारात मात्र नराचं काम डोळ्यांनी बघितलं की असं म्हणवत नाही. माद्या मान खाली घालून चरत असतात तेव्हा हा मान वर करून उभा असतो. घार-ससाण्यासारखं काही वरून आलं तर त्याची हाक वेगळी, कुत्रं-मांजर जमिनीवरून आलं तर वेगळी. पहिल्या हाकेला माद्या झुडपात घुसतात किंवा जागच्या जागी थिजतात, दुसऱ्या हाकेला मान ताठ करून सावध होतात. चांगला नर दाणा सापडला की स्वतः खात नाही. चोचीने उचलतो, टाकतो, परत उचलतो, टुकटुक आवाज करत माद्यांना बोलावतो.

माद्यांमधली भांडणंही तो आटोक्यात ठेवतो. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1922 साली ती पहिल्यांदा शास्त्रीय मांडणीत आणली. नर काढला की ती उतरंड परत लागते. वरच्या क्रमांकाची एखादी मादी दादागिरी करते, क्वचित एखादी चक्क आरवायलाही लागते. म्हणून माझं म्हणणं, नर काढून टाकू नका. थोडे दिवस जाळीपलीकडे ठेवा आणि तेवढ्यात माद्या वाढवता येतात का बघा.

भुईमूग

माद्या वाढवायच्या तर जागा पण वाढवायला लागेल. खुराड्यात एका पक्ष्याला साधारण चार चौरस फूट आणि बाहेरच्या आवारात दहा चौरस फूट तरी हवी. नाहीतर नराचा त्रास कमी होईल आणि गर्दीचा सुरू होईल.

कडेकपारी

हे मान्य. नव्या माद्या आणल्या तर महिनाभर पूर्ण वेगळ्या, दूर ठेवा. बाहेरून रोग आत येतो तो असाच.

निळीशाई

"कसं" याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही म्हणून लिहिते.

नराची जागा माद्यांच्या आवाराला लागूनच करा, मधे फक्त जाळी. आवाराचाच एक कोपरा जाळीने तोडून दिला तरी चालतो. दोघं एकमेकांना बघत-ऐकत राहिले की कळपाची ओळख मोडत नाही, आणि परत सोडताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दूर घराच्या मागे नेऊन ठेवलात तर परत आल्यावर तो माद्यांना परका, माद्या त्याला नव्या, आणि पाठलाग पहिल्यापेक्षा जास्त.

जाळी अर्ध्या इंची, वेल्डेड घ्या. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शिकारी प्राण्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती ओढून फाडतं. उंची सहा फूट, आणि शक्य असेल तर वरूनही झाका, कारण पलीकडे माद्या दिसत असताना नर उडायचा प्रयत्न करणारच. आत एक दांडी, पावसापासून आडोसा, धुळीत लोळायला कोरडी माती, आणि त्याचं स्वतःचं पाण्याचं भांडं. खाद्याची दोन्ही भांडी जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवा. नर जाळीपाशी येऊन टुकटुक करत माद्यांना बोलावतो, त्या येतात, दोन्ही बाजूंनी एकत्र टिपतात. त्याचा अस्वस्थपणा यानेच सर्वात जास्त कमी होतो, हे मी जवळून बघितलंय. पहिले एक-दोन दिवस जाळीलगत येरझाऱ्या घालेल, जास्त आरवेल. त्याला घाबरून दार उघडू नका.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे लक्षच जात नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, ते कवचासाठी. नर अंडी देत नाही, त्याला साधारण एक टक्का पुरतं. वर्षानुवर्षं जास्तीचं कॅल्शियम गेलं की मूत्रपिंडावर ताण येतो. वेगळा ठेवलाच आहे तर त्याला ग्रोवरचं, म्हणजे वाढत्या पक्ष्यांसाठीचं, खाद्य द्या. पुढे एकत्र सोडाल तेव्हा सगळ्यांनाच कमी कॅल्शियमचं खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. माद्या गरजेपुरता चुरा खातात, नर सहसा त्याच्याकडे फिरकत नाही.

शेवंती

निळीशाई, अगदी हेच हवं होतं. खाद्याचं खरंच माहीत नव्हतं.

आता अंड्यांबद्दल. नर वेगळा काढल्यावर किती दिवसांनी अंडी बिनफळाची होतात? मला पुढे ठरावीक तीन माद्यांचीच पिल्लं हवी आहेत, दुसऱ्या एका नराकडून. हा नर काढला आणि तो लगेच सोडला तर पिल्लं कोणाची हे कळेल का?

दहिवर

लगेच सोडलात तर नाही कळणार. मादीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, तिथे नराचं बीज साठून राहतं आणि रोज थोडं थोडं वापरलं जातं. एकदा नर लागला की त्यानंतर दोन-तीन आठवडे ती फलित अंडी देऊ शकते. म्हणून जुना नर काढल्यावर निदान तीन आठवडे, खात्री हवी असेल तर चार, मधे कोणताही नर नको. मग नवा सोडा, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी उबवायची अंडी गोळा करायला लागा. दोन नर एकत्र असले तर गोंधळ आणखी वाढतो. दुय्यम नराचं बीज मादी पुष्कळदा बाहेर टाकून देते, हे प्रयोगांत दिसलंय, पण त्याच्या भरवशावर जात राखता येत नाही.

फलित अंडं ओळखायचं तर फोडून बलकावरचा पांढरा ठिपका बघा. फलित नसेल तर तो लहान, घट्ट, वेड्यावाकड्या कडेचा. फलित असेल तर जरा मोठा, गोल, आणि मधे फिकट व भोवती कडं असं वर्तुळ दिसतं. रक्ताचा ठिपका म्हणजे फलित अंडं हा समज चुकीचा आहे. अंडं सुटताना बारीक रक्तवाहिनी फुटली की तो येतो, नर नसलेल्या कळपातही येतो. आणि फलित अंडं रोज उचलून थंड जागी ठेवलं तर त्यात काही वाढत नाही. वाढीला उबेची सलग गरज असते, साडेसदतीस अंशांच्या आसपास, एकवीस दिवस. तेव्हा खाण्यासाठी दोन्ही अंडी सारखीच.

उन्हसावली

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे उबवणीतून तीन नर निघालेत, सहा महिन्यांचे. तिघांना एकत्र वेगळं ठेवलं तर मारामारी करतील का?

निळीशाई

एकत्र वाढलेले असतील तर बहुतेक वेळा राहतात, अट एकच, माद्या नजरेआड हव्यात. माद्या समोर दिसल्या की भाऊ-भाऊही रक्त काढतात. शेवंतीताईंना मी लागून जाळी सांगितली ती एका नरासाठी, तीन नरांसाठी ते सांगणार नाही. जागा भरपूर द्या, आत दोन-तीन आडोसे ठेवा, म्हणजे हरलेल्याला पळून लपायला मिळेल. खाद्याची भांडी दोन, लांब लांब. कोणाला आठवडाभर जरी तिथून काढलंत तर परत आत घालताना भांडण नव्याने होणार, हे गृहीत धरा. दोन नरांच्या शेजारी-शेजारी जागा असतील तर जाळीचा खालचा दोन फुटांचा भाग फळी किंवा पत्र्याने बंद करा. नाहीतर जाळीतून झटापट होते आणि तुरे फाटतात.

कडेकपारी

आणि आरवणं तिघांचं ऐकायची तयारी ठेवा. उजेड दिसला म्हणून कोंबडा आरवतो असं आपण समजतो, पण मंद उजेडात ठेवलेले नरही आपल्या वेळेला आरवतात, ते शरीरातलं घड्याळ असतं. जपानमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये हे दाखवलं, आणि 2015 मध्ये हेही की पहाटे पहिल्यांदा सर्वात वरच्या क्रमांकाचा नर आरवतो, मग बाकीचे आपापल्या क्रमाने. म्हणून अंधारात कोंडून आवाज थांबेल या आशेवर राहू नका.

भुईमूग

एक मुद्दा राहिला. शेवंतीताई, घरात लहान मूल आहे का? नर माणसांवर येतो का?

शेवंती

मुलगी पाच वर्षांची आहे. अंडी आणायला तीच जाते. माझ्या अंगावर कधी आला नाही, पण परवा तिच्या मागे धावला. तिने टोपली टाकली आणि पळाली.

पाऊलवाट

मग हे माद्यांच्या पाठीपेक्षा मोठं आहे. पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा उडी मारलेल्या नराच्या पायांच्या उंचीवर येतो. डोळ्याला काटा लागला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आजपासून मुलगी एकटी आत जाणार नाही, हे पक्कं करा. नर वेगळा झाला की माद्यांच्या बाजूची अंडी ती खुशाल आणू दे. घरट्यांच्या पेट्या अशा ठेवा की तिथे पोचायला नराच्या जागेतून जावं लागणार नाही.

माद्यांना छळणं बहुतेक वेळा वय, संख्या, जागा यांनी सुटतं. माणसावर धावणं तितकं सहज सुटत नाही. लाथा मारून, काठी उगारून तर मुळीच नाही, तो त्याला आव्हान समजतो आणि पुढच्या वेळी जोराने येतो. तुम्ही आत असताना शांत चाला, मागे सरू नका, त्याच्या डोळ्यांसमोर माद्यांना धरू नका. एवढं करूनही मुलीवर पुन्हा धावला तर या बाबतीत मी भुईमूगच्या बाजूचा, तो नर घरात नको. अशा नराची पिल्लंही घेऊ नका, हा स्वभाव वाणात उतरतो.

पायामागच्या काट्याचं टोक बोथट करून घ्या. फक्त टोक, कानशीने. आत जिवंत हाड आणि रक्त असतं, बुडाशी कापलं तर रक्त थांबता थांबत नाही.

शेवंती

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. निळीशाईने सांगितली तशी आवाराच्या कोपऱ्यात जाळी टाकून नराची जागा केली. पहिले दोन दिवस त्याने जाळीलगत माती उकरून खड्डा केला, मग सवयीने थांबला. आता सकाळी दाणा टाकला की जाळीपाशी टुकटुक करतो आणि चौघी-पाचजणी पलीकडे गोळा होतात. जखमवालीची चीर भरली, खपली पडली. ती आता दिवसभर खाली असते. दुसऱ्या मादीच्या पाठीवर मात्र अजून तशाच काड्या आहेत, नवी पिसं येत नाहीत. एवढे दिवस झाले तरी का?

मुलीवर धावण्याचा प्रश्न आता उरला नाही, कारण तिची वाट वेगळी केली आहे. पण नराला माद्यांत परत सोडायचं की नाही हे ठरत नाहीये.

दहिवर

पीस मुळासकट उपटलं गेलं असेल तर काही आठवड्यांत नवं येतं. तुटून काडी उरली असेल तर ती काडी आत बसून राहते आणि पुढच्या पीसझडीपर्यंत जागा सोडत नाही. काड्या ओढून काढू नका, फार दुखतं. नवे कोंब फुटतील तेव्हा त्यांत रक्त भरलेलं असतं, ते तुटले तर रक्त येतं आणि बाकीच्या टोचतात. म्हणून पीसझड पूर्ण होऊन पाठ भरेपर्यंत या मादीवर नर अजिबात जाता कामा नये.

पाऊलवाट

त्यातच तुमचं उत्तर आहे. सरसकट सोडू नका. ज्या चौघींच्या पाठी भरलेल्या आहेत त्यांच्यात संध्याकाळी, दांडीवर चढायच्या तासभर आधी सोडा, आणि तुम्ही तिथेच थांबा. तेव्हा सगळ्यांचं लक्ष झोपायच्या जागेकडे असतं. अंधार पडला की त्याला उचलून परत त्याच्या दांडीवर ठेवा. अंधारात त्याला नीट दिसत नाही, त्रास न देता हातात येतो. असं काही संध्याकाळी करून बघा. फेर धरतो का, मादी नको म्हणून सरकली तर सोडून देतो का, हे दोन बघा. सोडत असेल तर वेळ वाढवत न्या. पिटाळत असेल तर परत जाळीपलीकडे, आणखी दोन महिने. त्या दोघींना मधल्या काळात कापडाचं पाठकवच घालता येईल, पंखांत अडकवायचं असतं. पण रोज सोडून आत बघायला हवं, कारण त्याखाली उवा झपाट्याने वाढतात.

शेवंती

चौघींचा प्रयोग याच आठवड्यात सुरू करते. त्या दोघींना संध्याकाळपुरतं नराच्या रिकाम्या जागेत ठेवलं तर चालेल ना? म्हणजे जागांची नुसती अदलाबदल.

निळीशाई

चालेल. दोघी एकत्र आहेत, एकटं कोणी पडत नाही. जाळीच्या दाराला आतून-बाहेरून दोन्हीकडे कडी लावा, आणि आधी नराला उचलून हातात धरा, त्या दोघींना आत घेऊन कडी लावा, आणि मगच त्याला बाहेर सोडा.